पोटात अन्न नसलं तरी इन्सुलिन हवंच



संक्रांत जवळ आली की वाडीतल्या आमच्या घरात दोन राज्यांचं खाणं एकत्र येतं. आजीच्या हातची गुळपोळी आणि तिळाच्या वड्या, शिवाय बाहेरून आलेलं उंधियुं आणि जिलेबी. सकाळी एकदा अगाशीवर चढलं की अंधार पडेपर्यंत कोणी खाली उतरत नाही. रंगमहालाच्या बाजूची घरं इतकी खेटून आहेत की शेजारच्या अगाशीवर कोण काय खातंय तेही दिसतं. या गोष्टीत ते दिसणंच महत्त्वाचं आहे.

मला अकराव्या वर्षापासून टाइप वन डायबेटीस आहे. म्हणजे माझं शरीर इन्सुलिन बनवतच नाही, ते बाहेरून घ्यावं लागतं. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण गल्लीत कोणालाच नाही. "मुलीची जात आहे, उद्या लग्नाचं बघायचंय," असं आजी म्हणायची. कोणी जिलेबी पुढे केली की "तिला गोड आवडत नाही" हे तिचं ठरलेलं उत्तर असे. प्रेमापोटीच करायची सगळं.

पंधरा वर्षांची असताना उत्तरायणाला मी दिवसभर अगाशीवर होते. मैत्रिणींबरोबर चिक्की खाल्ली, जिलेबीही खाल्ली. त्या खाण्याचं इंजेक्शन घ्यायला खाली जावं लागलं असतं, आणि सारखं खाली का जातेस असं कोणी विचारलं तर काय सांगणार? म्हणून गेलेच नाही. रात्री मळमळायला लागलं. "उंधियुं बाधलं," आईने निदान केलं. मला जेवण नको होतं. रात्रीचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन घ्यायची वेळ झाली तेव्हा आजी म्हणाली, "अगं, पोटात अन्नाचा कण नाही, आणि इंजेक्शन कसलं घेतेस? साखर उतरेल ना!" पूर्वी एकदा साखर उतरून मी थरथरताना तिने पाहिलं होतं, त्यामुळे तिची भीती खोटी नव्हती. मलाही ते पटलं. इंजेक्शन राहिलं.

पहाटे चार उलट्या झाल्या, पोटात कळा येऊ लागल्या. सकाळी काकू जवळ बसली आणि म्हणाली, "हिच्या तोंडाला नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा वास का येतोय?" श्वास खोल आणि भराभर चालला होता, धावून आल्यासारखा. वासी उत्तरायणाच्या सकाळी स्कूटरवरून नेणं शक्य नव्हतं, मांजा गळ्यावर येतो. बाबा रिक्षा शोधून घेऊन आले. पुढचं मला तुटक आठवतं. दोन दिवस अतिदक्षता विभागात होते. डॉक्टर म्हणाले, "कीटोॲसिडोसिस. अजून उशीर झाला असता तर अवघड होतं."

नेमकं झालं काय होतं? पेशींना साखर वापरायची तर इन्सुलिन लागतं. ते नसेल तर कोठार धान्याने भरलेलं आणि किल्ली हरवलेली, अशी अवस्था होते. रक्तात साखर भरपूर, पण पेशी उपाशी. मग शरीर चरबी जाळायला घेतं, आणि त्यातून कीटोन तयार होतात. थोडे असले तर शरीर निभावून नेतं. खूप साठले की रक्त आंबट होतं, उलट्या सुरू होतात, शरीरातलं पाणी कमी होतं, आणि पाणी कमी झालं की कीटोन आणखी साठतात. माझी उलटी उंधियुंची नव्हती, इन्सुलिन कमी पडल्याची होती.

आजीचा हिशोब होता, जेवण नाही तर इन्सुलिन नाही. पण इन्सुलिन फक्त जेवणासाठी नसतं. आपण झोपेत असतानाही यकृत रक्तात साखर सोडत असतं, आणि ताप असला की गरज उलट वाढते. म्हणून टाइप वनमध्ये लांब पल्ल्याचं इन्सुलिन आजारपणात कधीच बंद करायचं नाही. डोस कमी-जास्त करायचा असेल तर डॉक्टरांना विचारून.

आता मी काय करते ते सांगते. साखर 250 च्या वर जाऊन खाली येत नसेल, ताप असेल किंवा एक जरी उलटी झाली, तरी आधी कीटोन बघते. लघवीची पट्टी स्वस्त असते. कीटोन असले की ती गुलाबी होते आणि जास्त असले की जांभळी. पण ती काही तासांपूर्वीची स्थिती दाखवते, आणि डबी उघडल्यावर पट्ट्या लवकर खराब होतात. म्हणून डबीवर उघडल्याची तारीख लिहून ठेवा. बोटाच्या रक्ताची कीटोन पट्टी महाग असते, पण आत्ताची स्थिती सांगते. तिचे आकडे माझ्या फ्रिजवर चिकटवलेले आहेत. 0.6 च्या खाली ठीक. 0.6 ते 1.5 असेल तर जादा इन्सुलिन, पाणी, आणि दोन तासांनी पुन्हा तपासणी. 1.5 च्या वर लगेच डॉक्टरांना फोन. 3 किंवा त्याहून जास्त असेल तर थेट इस्पितळ.

जादा इन्सुलिन किती घ्यायचं हे प्रत्येकाचं वेगळं असतं. ते डॉक्टरांकडून आधीच, बरे असताना लिहून घ्या. रात्री दोन वाजता ते विचारत बसायला लागू नये. पाणी घोटघोट, सतत प्यायचं. साखर खूप असेल तर पाणी, पातळ ताक, साखर न घातलेलं लिंबूपाणी. साखर उतरली पण कीटोन तसेच असतील तर इन्सुलिन थांबवायचं नाही. अशा वेळी गोड पेय घेऊन इन्सुलिन चालू ठेवायचं, कारण कीटोन इन्सुलिननेच जातात. आणि कीटोन असताना गरबा, जिम, धावणं सगळं बंद. "घाम गाळला की साखर उतरेल" हे इथे लागू नाही, त्याने कीटोन वाढू शकतात.

पोटात पाणी टिकत नसेल, श्वास खोल आणि भराभर चालत असेल, पोट खूप दुखत असेल किंवा गुंगी येत असेल, तर आकड्याची वाट बघू नका. 108 ला फोन करा. पोहोचल्यावर पहिलं वाक्य हेच बोला, "टाइप वन आहे, कीटोन तपासा." नाहीतर उलटी आणि पोटदुखी पाहून सगळे अपचनाच्या मागे लागतात.

टोरोंटोच्या इस्पितळातल्या लेनर्ड थॉम्पसनची गोष्ट मी नंतर वाचली. तो होता 14 वर्षांचा. 11 जानेवारी 1922 ला त्याला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं, पण त्याचा फारसा उपयोग झाला नाही. औषध अधिक शुद्ध करून 23 जानेवारीला पुन्हा दिलं, तेव्हा साखर उतरली आणि लघवीतले कीटोनही गेले. त्याआधी अशा मुलांसाठी उपाशी ठेवण्यापलीकडे फारसं काही करता येत नसे. ज्या औषधाची त्याच्या घरच्यांनी वाट पाहिली असेल, ते माझ्या घरात फ्रिजमध्ये होतं. मी ते लोकांना दिसू नये म्हणून घेतलं नव्हतं.

इस्पितळातून घरी आल्यावर आजी आठवडाभर माझ्याशी नीट बोलली नाही. मला वाटलं रागावली. मग एक दिवस ती शेजारच्या ओट्यावर जाऊन बसली आणि सगळ्या बायकांना सांगून आली, "आमच्या नातीला डायबेटीस आहे, इंजेक्शन घ्यावं लागतं. तिला उलटी झाली तर आम्हाला लगेच हाक मारा." त्या दिवसापासून मी अगाशीवर सगळ्यांसमोर इंजेक्शन घेते. पहिल्या वर्षी लोकांनी पाहिलं, दुसऱ्या वर्षी कोणी पतंगावरून नजरही हटवली नाही.

तुमच्यापैकी कोणाला टाइप वन असेल, किंवा मित्रमैत्रिणींत कोणी असेल, तर या उत्तरायणाला एवढंच करा. अगाशीवरच्या एका तरी माणसाला सांगून ठेवा की उलटी झाली तर काय बघायचं आणि कोणाला फोन करायचा. एकटं वाटत असेल तर छत्रपती संभाजीनगरची 'उडान' टाइप वन असलेल्या मुलांसाठी काम करते, तिची माहिती घ्या.

गेल्या भाद्रपदात मला ताप आला, कीटोन 1.8 निघाले. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितलं तसं जादा इन्सुलिन घेतलं, आणि रात्री उशिरा आकडा 0.5 वर आला. इस्पितळात जावं लागलं नाही. आजी आता ऐंशीच्या पुढे आहे. ती उशाशी पाण्याचा तांब्या घेऊन बसली होती. जेवण नको म्हणाले तेव्हा ती म्हणाली, "नको तर नको. पण इंजेक्शन घेतलंस का?"

पुढच्या महिन्यात भेटूच. तोवर गुळपोळी खा, आणि तिच्या हिशोबाचं इन्सुलिनही घ्या.