कुठवर आलं?

मिरजेत माझं औषधांचं दुकान आहे. रात्री शटर ओढून घरी आले, जेवणं आवरली, की मी काच घासते. सुमारे सहा इंच व्यासाची, चांगली जाडजूड गोल काच. तिचा अंतर्वक्र आरसा करायचा, तो नळीत बसवायचा आणि त्या दुर्बिणीतून शनीची कडी बघायची, असा बेत आहे. बेत जाहीर झाला तेव्हा गल्लीने कौतुक केलं. आता कौतुक संपलं, चौकशी उरली. समोरचे किराणावाले आठवड्याला विचारतात, "वहिनी, झाली का न्हाई तुमची दुर्बीण?" सासूबाई मला काही विचारत नाहीत, पण पाहुण्यांना सांगतात, "ती काच घासतीय." त्यात सगळं आलं.

अशा वेळी माणसं प्रेमाने उपदेश पाठवतात. फोनवर रील येतात. मन खंबीर करा, ध्येयाचं चित्र डोळ्यांपुढे ठेवा, एकवीस दिवस रेटा म्हणजे सवय लागते. यातल्या एकवीस दिवसांची गंमत अशी, की मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० साली आपल्या पुस्तकात लिहिलं होतं, की बदललेला चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात. ते 'किमान' वाटेत कुठेतरी गळून पडलं आणि नियम तयार झाला. पुढे लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी खरोखर माणसांवर पाहणी केली, तेव्हा नवी सवय रुळायला सरासरी ६६ दिवस लागल्याचं दिसलं. कुणाला १८, कुणाला अडीचशेच्या वर.

पण माझी तक्रार आकड्यांबद्दल नाही. या सगळ्या उपदेशात दोष मनाचा आहे असं आधीच ठरलेलं असतं. मला ते पटत नाही. सावकाश चालणाऱ्या कामात मन ढिलं पडतं ते आळसाने नव्हे. त्याला बातमी मिळत नाही म्हणून. रोज राबायचं आणि काय झालं ते कळायचं नाही, असं काम पगार घेऊनसुद्धा माणूस फार दिवस करत नाही. स्वतःच्या हौसेचं तर नाहीच.

आरशाच्या कामात हे फार स्वच्छ दिसतं. पिंपावर दोन काचा एकावर एक ठेवायच्या, मध्ये चिमूटभर कार्बोरंडमची पूड आणि थोडं पाणी घालायचं, आणि वरची काच पुढे-मागे ढकलत राहायचं. मध्येच काच थोडी फिरवायची, आपणही पिंपाभोवती थोडं सरकायचं. (पिंप पाण्याने भरलेलं हवं, नाहीतर तेही आपल्याबरोबर सरकतं.) एवढ्यानेच वरची काच खोलगट होत जाते आणि खालची फुगीर. साचा नाही, यंत्र नाही. माझ्या आरशाचं नाभीय अंतर १२०० मिलिमीटर ठरवलं आहे. त्यासाठी काच मधोमध किती खोल जायला हवी? जेमतेम १.१७ मिलिमीटर.

ही खोली ८० नंबरच्या भरड पुडीने थोड्याच संध्याकाळींत मिळते. कर्रकर्र आवाज, राखाडी चिखल, आणि दर तासाला फरक दिसतो. घरच्यांना वाटतं, या हिशेबाने दिवाळीपर्यंत दुर्बीण तयार. मग १२०, २२०, ३२०, ४००, ६०० अशा पुडी येतात. एक संपली की दुसरी उघडण्याआधी पिंप, स्टूल, फरशी, नखं, साडीचा पदर, सगळं धुवायचं. भरड पुडीचा एक कण मागे राहिला तरी काचेवर ओरखडा ओढतो आणि दोन पायऱ्या मागे जावं लागतं. पुढच्या सगळ्या महिन्यांत जी काच निघते, ती पहिल्या आठवड्यात निघालेल्या काचेपुढे काहीच नाही. सगळ्यात शेवटी, गोलाचा पॅराबोला करताना, आकारात जो फरक पाडायचा असतो तो कडेपाशी ०.३ मायक्रॉनदेखील भरत नाही. केसाच्या जाडीचा दोनशेवा भाग म्हणा. तेवढ्यासाठी आठवडेच्या आठवडे.

म्हणजे वेग मंदावला हे खरं, पण काम थांबलं म्हणून नव्हे, बारीक झालं म्हणून. आणि बारीक झालेलं काम भरड कामाच्या मापाने मोजलं तर उत्तर शून्यच येणार. किराणावाल्यांचा प्रश्न म्हणूनच बोचतो. त्यांची मोजपट्टी फुटाची आहे, दुर्बीण आहे किंवा नाही एवढंच तिच्यावर दिसतं. वाईट याचं वाटतं, की रात्री झोपताना आपणही तीच पट्टी लावतो.

आरसा करणारे लोक दर पायरीला मोजायचं साधन बदलतात. सुरुवातीला ओली काच उन्हात धरायची आणि भिंतीवर सूर्याचा ठिपका सर्वांत लहान कुठे पडतो ते टेपने मोजायचं. पूड बारीक झाली की हे निरुपयोगी. मग सोनारी भिंग घेऊन काचेवरचे खड्डे बघायचे. मागच्या पुडीचा एकही मोठा खड्डा उरता कामा नये. नंतर पिच या डांबरासारख्या पदार्थाच्या थरावर सेरियम ऑक्साइडने काच चकाकायला लागते, खड्डेच दिसेनासे होतात, तेव्हा भिंगही बाजूला ठेवायचं आणि पातं काढायचं. साधं दाढीचं पातं.

ही युक्ती फ्रान्सच्या लेऑन फूकोची, १८५८ सालची. आरशापासून नाभीय अंतराच्या दुप्पट, माझ्या बाबतीत २.४ मीटर दूर, एक बारीक दिवा ठेवायचा. परतून येणारा उजेड जिथे एकवटतो तिथे पातं हळूच आडवं सरकवायचं आणि मागून डोळा लावायचा. आरशावर सावल्या उमटतात. आकार गोलीय असेल तर सगळा आरसा एकदम करडा होतो. पॅराबोलाकडे झुकला की मध्ये मेदुवड्यासारखी सावली दिसते. मायक्रॉनच्या अंशाएवढा उंचवटा या सावलीत टेकडीसारखा उभा राहतो. आरशावर बोट काही सेकंद टेकवा आणि मग बघा. बोटाच्या उबेने काच तेवढ्याच जागी फुगलेली असते आणि तो फुगवटा डोळ्यांना दिसतो! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नवऱ्याला झोपेतून उठवलं होतं.

त्यातच दुसरी गोष्टही कळते. घासून झाल्याबरोबर चाचणी घेतली तर ती खोटं बोलते, कारण हातांच्या आणि घर्षणाच्या उबेने काच अजून वाकडी असते. थांबावं लागतं. मी रात्री घासते आणि सकाळी चहाआधी बघते.

औषधाच्या दुकानात मी याची उलटी बाजू रोज पाहते. नव्याने मधुमेह झालेला माणूस ग्लुकोमीटर घेऊन जातो आणि उत्साहाने सकाळ-संध्याकाळ बोट टोचतो. आज १४०, उद्या १६५, परवा पुन्हा १४८. चालायला जातोय, भात सोडलाय, तरी आकडा नाचतोच. दोन आठवड्यांत तो म्हणतो, "ताई, काय उपयोग नाही." (इन्सुलिनवर असणाऱ्यांना वारंवार तपासावंच लागतं, त्यांची गोष्ट वेगळी.) एचबीएवनसी ही दुसरी तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, कारण रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळातली साखर त्यांच्यावर नोंदली जाते. ती दर आठवड्याला करण्यात अर्थच नाही. जो बदल तिमाहीत घडतो तो तिमाहीनेच मोजायचा. रोजचा आकडा खोटा नसतो, पण आपण विचारतोय त्या प्रश्नाचं उत्तर त्यात नसतं.

आमच्या गावात हे शहाणपण जुनं आहे. मिरजेच्या सतारी आणि तानपुरे एकोणिसाव्या शतकापासून नावाजलेले आहेत, आता त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. सतारमेकर गल्लीत जवारी काढताना कुणी पाहिलं असेल त्याला मी काय म्हणतेय ते कळेल. ज्या घोडीवरून तारा जातात तिचा माथा कानशीने किंचित घासायचा, तार चढवायची, छेडायची, ऐकायची, पुन्हा उतरवायची. किती घासलं हे डोळ्यांना दिसत नाही, कानाला कळतं. त्या कारागिराला प्रेरणा कशी टिकवता असं विचारून पाहा. त्याला प्रश्नच कळणार नाही. त्याचा कान दर वेळी त्याला उत्तर देत असतो.

चिकाटीची गोष्ट निघाली की विल्यम हर्शेलचं नाव येतंच. इंग्लंडात बाथ गावी संगीत शिकवणारा, ऑर्गन वाजवणारा हा माणूस घरात धातूचे आरसे घोटायचा आणि १७८१ साली स्वतः केलेल्या दुर्बिणीतून त्याने युरेनस शोधला. एकदा तर तो सलग सोळा तास आरसा घोटत बसला, म्हणून बहीण कॅरोलाइन त्याला घास भरवत होती. ही गोष्ट सांगून माझ्या पाठीवर थाप मारणाऱ्यांना मी दोन गोष्टी सांगते. एक, हर्शेलच्या काळी फूकोची चाचणी नव्हती. तो आरशामागून आरसे करायचा आणि आकाशाकडे रोखून त्यांतला बरा निवडायचा. माप नसेल तर अशी राक्षसी मेहनतच हाती उरते, ते अनुकरण करण्याजोगं नव्हे. आणि दोन, कॅरोलाइनने पुढे स्वतः आठ धूमकेतू शोधले. माझ्या घरी घास भरवणारं कुणी नाही, कुकर मलाच लावायचा असतो, त्यामुळे सोळा तासांचा विषयच येत नाही.

मापावर मात्र डोळे मिटून विश्वास टाकू नये. १९९० साली हबल दुर्बीण अवकाशात गेली आणि चित्रं धूसर आली. तिचा २.४ मीटरचा आरसा अतिशय निगुतीने घोटलेला होता, पण ज्या उपकरणाने तो तपासत होते त्यातलं एक भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसलं होतं. कामगारांनी चुकीचा आकार अचूक साधला. साध्या चाचण्यांनी गडबड दाखवली होती, पण त्या कमी दर्जाच्या म्हणून बाजूला सारल्या. १९९३ मध्ये अंतराळवीरांना वर जाऊन उपाय करावा लागला. म्हणून मी पात्याच्या सावल्या वहीत पेन्सिलीने काढून ठेवते आणि ती वही अधूनमधून पुण्याच्या एका अनुभवी आरसेवाल्यांना दाखवते. सध्याचा निकाल असा, की माझ्या आरशाची कड दबलेली आहे. पिच पुन्हा ओतायचं, आमच्या उन्हाळ्यात ते मऊ पडतं म्हणून राळ थोडी जास्त घालायची, आणि आरसा परत गोलावर आणायचा. बाहेरून पाहणाऱ्याला ही माघार वाटेल. मला ती बातमी वाटते, आणि अशा बातमीनंतर रात्री पिंपापाशी उभं राहायला स्वतःला ढकलावं लागत नाही.

अर्थात, खरं माप असेल तर ते कधी 'नको' असंही सांगणार, आणि ते ऐकायची तयारी हवी. माझ्या नवऱ्याने पन्नाशीत पेटी शिकायला घेतली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो एकच बंदिश फोनवर रेकॉर्ड करून ठेवायचा. बऱ्याच दिवसांनी एका दुपारी त्याने त्या सगळ्या ओळीने ऐकल्या. बोटं सुधारली होती, हे नक्की. पण त्याला त्यातून वेगळंच कळलं. वाजवण्यापेक्षा त्याला ऐकण्यातच जास्त रस होता. मीरासाहेबांच्या दर्ग्यात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दरवर्षी जो उत्सव भरतो, तिथे आता तो रात्र रात्र पुढच्या रांगेत बसतो. नापास झाल्याचा भाव चेहऱ्यावर नाही. पेटी त्याने भाच्याला देऊन टाकली, आणि त्या खोलीत माझा चाचणीचा स्टँड आला. घरात अडीच मीटर सरळ मोकळी जागा दुसरीकडे नव्हतीच. तोवर मी बोळात मांडणी करायचे आणि पहाटे दूधवाल्याला दारातच थांबवून ठेवायचे.