मा. जिल्हाधिकारी यांस : यंत्राला ‘ठाऊक नाही’ म्हणता येते का?

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, कोल्हापूर

महोदय,

पुराचा अंदाज बांधणारी कृत्रिम बुद्धिमत्ता उद्या आपल्या नियंत्रण कक्षातही येईल. ती घेण्याआधी शाहूपुरीतून एक विनंती.

राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे आपण जाणताच. धरण भरले की ते आपोआप उघडतात, पातळी उतरली की मिटतात. एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत जाते. कुणाच्या हुकमाची वाट न पाहता नेमून दिलेले काम ते चोख करतात, पण खाली पंचगंगा आधीच पात्राबाहेर पडली आहे का, हे त्यांना कळत नाही. नवी यंत्रणा कितीही हुशार असो, तिला एकच आकडा सांभाळायला दिला तर तीही तशीच वागेल.

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. आमच्या कुंभार गल्लीचा हिशेब वेगळा. नदी फुगली की जयंती नाला तुंबतो आणि पाणी मागे फिरून गल्लीत शिरते. तेही ऐन आषाढ-श्रावणात, घरोघरी गणपतीच्या मूर्ती वाळत असताना. ओली मूर्ती घाईने उचलली की सोंड निखळते, हात तुटतो. म्हणून ‘पाणी येणारच’ हे सहा तास आधी कळण्यापेक्षा ‘येऊ शकते, खात्री नाही’ हे दोन दिवस आधी कळलेले कुंभाराच्या कामाचे. स्वतःला कुठवर कळते हे न लपवणे आणि स्वतःची चूक कुणाला किती महागात पडेल याचे भान ठेवणे, यालाच मी शहाणपण म्हणतो. अचूकपणा त्यानंतर.

२००५ च्या पुरात पाणी जिथवर आले, त्यापुढे येणार नाही, असे २०१९ मध्ये कितीतरी जणांनी धरले होते. पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. २०२१ ला पुन्हा तेच. नवी यंत्रणासुद्धा मागच्या नोंदींवरच शिकते. तेव्हा खरेदीआधी तिला २०१८ पर्यंतच्याच नोंदी शिकवा आणि मग २०१९ चा पाऊस तिच्यापुढे ठेवा. अंदाज किती इंचांनी चुकला ते कंपनी सांगेलच. आपण एवढे विचारा : ‘असे पाणी मी पाहिलेले नाही, निर्णय माणसांनी घ्यावा,’ हे ती कोणत्या तारखेला म्हणाली? म्हणालीच नसेल, तर ती घेऊ नका.

आणि त्या चाचणीला अभियंत्यांच्या शेजारी कुंभार गल्लीतला एक कारागीरही बसवा.

आपला,
शाहूपुरीतील एक रहिवासी