नाव हिंगणघाटचे, भाव वजनाचा

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट हे वणा नदीच्या काठचे गाव आज नागपूर-हैदराबाद सडकेवर व दिल्ली-चेन्नई लोहमार्गावर आहे. परंतु एके काळी त्याचे नाव परमुलुखात गाजले ते आसपासच्या काळ्या जमिनीत पिकणाऱ्या लांब धाग्याच्या ‘बनी’ कापसामुळे. व्यापारी त्या मालाला ‘हिंगणघाट’ असेच म्हणत. त्या नावाचे पुढे काय झाले, हे कापूस पिकविणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याने ध्यानात घेण्यासारखे आहे.

आगगाडी येण्यापूर्वी या प्रांतातील कापूस बैलांच्या पाठीवर शेकडो मैल चालून गंगाकाठच्या मिर्झापूरला जात असे. वाटेत तो पावसाने भिजे, धुळीने मळे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) विलायतेच्या गिरण्यांना कापूस तुटला व व्यापाऱ्यांची दृष्टी इकडे वळली. सन १८६७ मध्ये लोहमार्ग नागपुरास पोहोचला. १८७० नंतरच्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटावरून वरोऱ्याच्या कोळशाच्या खाणींपर्यंत फाटा गेला. मागोमाग सरकी काढण्याचे व गाठी दाबण्याचे कारखाने आले, सूतगिरणी उभी राहिली आणि नदीकाठची पेठ कारखान्यांचे गाव झाली.

एवढ्यावरून शेतकऱ्याचे हित साधले असे कोणी समजेल, तर तो भ्रम होय. शंभर शेर बनी कापसातून रुई निघे ती चौथ्या हिश्शाहून किंचित अधिक. ‘रोझियम’ या आखूड धाग्याच्या वाणातून ती चाळीस शेरांपर्यंत निघे. लांब धाग्याबद्दल पदरात पडणारा जादा भाव ही तूट भरून काढण्यास पुरेना. मग शेतकऱ्याने आखूड धाग्याचे वाण पेरले, यात त्याचा काय दोष? विसाव्या शतकाच्या आरंभी खुद्द सरकारी शेतकी खात्यानेही रोझियमचेच बी वाटले होते. त्यातच हलका कापूस रेल्वेने चांगल्या कापसाच्या ठिकाणी आणून, त्यात मिसळून, मोठ्या नावाने विकण्याची चाल देशात पडली. ती मोडण्यासाठी १९२३ मध्ये कापूस वाहतुकीचा व १९२५ मध्ये जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा करावा लागला. परंतु तोवर व्हावयाचे ते नुकसान होऊन चुकले होते.

दोष आगगाडीचा नव्हे. ती जे चढवाल ते वाहून नेते. दोष हा की, मालाची पारख, मिसळ व विक्री या तिन्ही गोष्टी शेताबाहेरच्या हाती गेल्या आणि शेतकऱ्याकडे पेरणी व वजन एवढेच उरले.

तो काळ गेला, असे कोणी म्हणेल. वाण बदलले हे खरे. २००२ मध्ये बीटी कापसास परवानगी मिळाली आणि जुने देशी वाण शेतातून जवळजवळ नाहीसे झाले. पण बाजाराच्या आवारात आजही बहुधा हाताने चाचपून व डोळ्यांनी पाहूनच भाव ठरतो. आपल्या गाडीतील कापसाचा रुईचा उतारा किती, धागा किती लांब, हे विकणाऱ्याला ठाऊक नसते. ज्याला आपल्या मालाचा गुण ठाऊक नाही, त्याने त्या गुणाची किंमत मागावी तरी कशी?

आमचे मत असे की, गावाने मिळून एकच वाण पेरावे, वेचणी स्वच्छ ठेवावी, कापूस एकत्र करून सहकारी तत्त्वावर सरकी काढवून घ्यावी आणि रुई व सरकी वेगवेगळी, धाग्याची परीक्षा करवून विकावी. हे काम सोपे नाही. भांडवल लागेल, आणि त्याहून अधिक एकमेकांवर भरवसा लागेल. परंतु सडक, रूळ व कारखाने आपल्या दाराशी येऊन आज शंभरावर वर्षे लोटली. आता पारख तेवढी आपल्या घरी आणली पाहिजे. ती येईपर्यंत नाव गावाचे होईल आणि नफा दुसऱ्याचा.