पीएच.डी.च्या पुढची पायरी

मुलगा वा मुलगी पीएच.डी. झाली म्हणजे शिक्षणाची शिडी संपली, अशी समजूत आपल्या घराघरांतून आढळते. विज्ञानात मात्र खरी कसोटी तेथून पुढे लागते.

केंद्र सरकारने २०२३ साली राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी देऊन २०३०-३१ पर्यंतच्या कार्यासाठी ६,००३.६५ कोटी रुपयांची तरतूद केली. त्यातील क्वांटम मापनाचे केंद्र पवईच्या आय.आय.टी.कडे व क्वांटम पदार्थांचे केंद्र दिल्लीच्या आय.आय.टी.कडे सोपविण्यात आले. ही दोन्ही शास्त्रे परस्परांवर अवलंबून आहेत. हिऱ्यात कार्बनच्या जागी नायट्रोजनचा एखादा अणू यावा व शेजारची जागा रिकामी राहावी. एवढ्याशा वैगुण्यावर हिरवा प्रकाश टाकला असता ते तांबडे चमकते आणि त्या चमकेतील फरकावरून अत्यंत क्षीण चुंबकीय क्षेत्र मोजता येते. असा हिरा घडविणारा हात व त्यातून मोजमाप साधणारी दृष्टी ग्रंथवाचनाने येत नाही, त्यासाठी पीएच.डी.नंतर दोन-तीन वर्षे प्रयोगशाळेत काढावी लागतात.

येथेच हक्काचा प्रश्न उभा राहतो. २०१९ च्या कायद्याने केंद्रीय शिक्षणसंस्थांतील अध्यापकांच्या जागा राखीव झाल्या. परंतु आय.आय.टी.त सहाय्यक प्राध्यापकाच्या पहिल्या श्रेणीसाठी पीएच.डी.नंतरचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. तो ज्या जागांवर मिळतो त्यांपैकी अनेक जागा प्राध्यापकाच्या प्रकल्पातून, ओळखीने व शिफारसपत्राने भरल्या जातात. ज्याच्या कुळात कोणी प्रयोगशाळेचे दार पाहिले नाही, त्याची शिफारस कोणी करावी? माडीवर आसन राखून ठेवायचे, जिना मात्र ओळखीच्यांनाच दाखवायचा, आणि मग 'लायक उमेदवार मिळत नाही' म्हणायचे, हा न्याय नव्हे. अशी प्रत्येक जागा जाहिरातीने भरावी, निकष आधी प्रसिद्ध करावेत व निवड समितीने करावी, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.

मागणीबरोबर आपलेही कर्तव्य आहे. राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची असून तिच्या ३५ वर्षांच्या वयोमर्यादेत अनुसूचित जातींना पाच वर्षांची सवलत आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही ही गणना लाभली आहे. तेव्हा डॉक्टर झालेल्या लेकराला लागलीच मिळेल त्या नोकरीस जुंपू नका. ही दोन वर्षे त्याला द्या. हक्क कागदावर मिळतो. तो वापरण्याची पात्रता येथेच घडते.