हळद, मिरी आणि भक्षक पेशी

कंदमूळ वर्ज्य मानणाऱ्या जैन स्वयंपाकघरातही वाळविलेली हळद व सुंठ यांना मज्जाव नाही. मुरगळलेल्या पायावर हळदीचा लेप हा तर आजीबाईच्या बटव्यातील पहिला उपाय. आता त्याच हळदीच्या अर्काच्या गोळ्या औषधांच्या दुकानांत मिळतात आणि संधिवाताने त्रासलेली ज्येष्ठ मंडळी त्या स्वतःच्या मनाने घेऊ लागतात. गोळीच्या जाहिरातीत प्रयोगशाळेचा हवाला असतो. त्या प्रयोगशाळेत नेमके घडते काय?

जंतूची चाहूल लागताच मॅक्रोफेज या भक्षक पेशी नायट्रिक ऑक्साइड, टीएनएफ अशी दाहकारक द्रव्ये सोडतात. सूज ही त्या संरक्षणाचीच खूण. संशोधक उंदराच्या अशा पेशी काचपात्रात वाढवितात, जिवाणूंच्या आवरणातील विषद्रव्याने त्यांना चेतवितात आणि अर्क मिसळून पाहतात. हळदीतील कर्क्युमिन मिसळले की दाहकारक द्रव्ये घटतात, कारण दाहाची जनुके जागी करणारी एनएफ-कप्पा-बी ही पेशीतील कळ ते रोखते. हे अनेक प्रयोगांत दिसले आहे. मात्र अर्काने पेशी मेल्या तरीही द्रव्ये घटणारच. म्हणून पेशी जिवंत राहिल्या की नाही हे न तपासणाऱ्या प्रयोगाला फारसे मोल नाही.

शिवाय देह म्हणजे काचपात्र नव्हे. हळदीत कर्क्युमिन शेकडा सुमारे तीन भाग. त्यातील अत्यल्प अंश रक्तात पोहोचतो आणि शरीर त्याचेही झपाट्याने रूपांतर करून टाकते. १९९८ साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी निरोगी व्यक्तींना २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिरीतील पिपरिन २० मिलिग्रॅम दिले, तेव्हा कर्क्युमिनची उपलब्धता सुमारे २००० टक्क्यांनी वाढली. तेव्हापासून अनेक गोळ्यांत मिरीचा अर्क आला.

इथेच सावधगिरी हवी. पिपरिन यकृताचा निचरा मंदावते, आणि हा निचरा केवळ कर्क्युमिनचा नसतो. इतर काही औषधेही त्यामुळे रक्तात अधिक काळ रेंगाळू शकतात. अशा गोळ्यांनंतर काही रुग्णांना यकृतदाह झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. वरणातल्या चिमूटभर हळदीचा या भीतीशी संबंध नाही. परंतु रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असणाऱ्यांनी आणि पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी वैद्यांना विचारल्यावाचून अर्काची गोळी घेऊ नये. गोळी चालू असताना लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर ती तत्काळ थांबवून यकृताची तपासणी करून घ्यावी, आणि डॉक्टरांना इतर औषधांबरोबर या गोळीचेही नाव सांगावे. ‘ती तर नुसती हळद’ म्हणून अनेकजण नेमके तेच सांगत नाहीत.