मोटार मोठी, पण जाकीट कोठे?



शाळांना सुट्ट्या लागल्या की सोलापुरातील आपल्या वस्त्यांमध्ये पाहुण्यांची ये-जा सुरू होते. करमाळा, माढा, इंदापूर भागात नातलग असले तर मुलांचा एकच हट्ट असतो, उजनीच्या पाण्यात होडीने फिरायचे. कोणी भिगवणला पक्षी बघायला जातात. पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते, ते पाहायला गर्दी होते. भीमेवरील हे धरण १९८० साली पूर्ण झाले, काठची गावे पाण्यात गेली आणि समोरासमोरच्या गावांना रस्त्याने मोठा वळसा पडू लागला. तेव्हापासून तिकडच्या कित्येक घरांची होडी हीच गाडी आहे, आणि आता तिला मोटारही लागली आहे.

महाडचे चवदार तळे आपल्या मुलांना पाठ असते. पण बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात केंद्रात मजूरमंत्री असताना नद्यांसाठी त्यांनी काय केले, हे घरात फारसे कोणी सांगत नाही. १९४५ साली देशाच्या नद्यांसाठी जे केंद्रीय मंडळ निघाले, त्याच्या नावातच जलमार्ग, सिंचन आणि नौकानयन होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात कटकच्या परिषदेत त्यांनी नदीचे पाणी शेती, वीज आणि वाहतूक या तिन्हींसाठी वापरण्याचा विचार मांडला. तेव्हा होडीत बसणे ही श्रीमंतांची चैन आहे, असे आम्हांस वाटत नाही. मात्र बसावे ते जीव सांभाळून.

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहून काठाला लागला. सहा जण गेले, त्यांत दोन लहान मुले. बुद्ध पौर्णिमा दोन दिवसांवर होती.

उन्हाळ्यात होडी काठावर ओढून डागडुजी होते. चार पैसे हाती असले की मालकाच्या मनात पहिली येते ती जास्त ताकदीची मोटार. आमचे म्हणणे, ती शेवटी घ्या. जड मोटार मागच्या फळीला लटकली की होडीचे मागचे अंग खाली बसते आणि मागून आलेली लाट सरळ आत शिरते. आधी घरातल्या प्रत्येकाला जाकीट घ्यावे. एका नव्या मोटारीच्या पैशांत ती सगळी येतात आणि वर पैसे उरतात. मुलांना मुलांच्याच मापाचे हवे, पायांमधून पट्टा घेतलेले. मोठ्यांचे जाकीट मुलाच्या अंगात घातले तर पाण्यात ते वर सरकते आणि मूल खालून निसटते.

त्यानंतर दोन वल्ही, लांब दोर, पाणी उपसायला डबा. उन्हाळ्यात पाणी खाली जाते तेव्हा बुडालेल्या गावांच्या भिंती आणि झाडांची खोडे वरच्या थराला येतात. मोटारीचा पंखा त्यांवर आपटतो, नाहीतर जाळ्यात गुंततो. गाळाने मोटारीची पाणी ओढणारी जाळी तुंबते आणि मोटार तापून बंद पडते. बंद पडलेली होडी वाऱ्यात आडवी फिरते, आणि आडव्या होडीला लाट उलटवते. म्हणून वल्ही. मोटारीला जी तांबडी दोरी असते ती शोभेची नव्हे. ती चालवणाऱ्याच्या मनगटात हवी, म्हणजे तो पाण्यात पडला तर मोटार आपोआप थांबते.

वळवाचा वारा बहुधा दुपारनंतर उठतो. फिरायचे तर सकाळी फिरावे. पश्चिमेला ढग काळे होऊ लागले की पैसे दिलेले असले तरी उतरावे.

होडीवाल्याला विचारायला आपल्या भगिनी संकोचतात, हे आम्ही पाहिले आहे. चारचौघांत भित्रे ठरू, असे वाटते. सरळ विचारावे, "दादा, जाकिटे किती आहेत? आमची माणसे सात आहेत." पाचच निघाली तर पाचांनीच बसावे, दोघांनी पुढच्या फेरीची वाट पाहावी. यंत्रावर चालणाऱ्या होडीची नोंदणी २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात सांगितलेली आहे, तेव्हा नंबर विचारण्यातही काही गैर नाही.

ज्यांची स्वतःची होडी आहे त्यांनी जाकिटे बसायला गादीसारखी वापरू नयेत, आतला फोम दबून जातो. घरी आल्यावर ती सावलीत वाळवून खुंटीला टांगावीत. कडक उन्हात पट्ट्यांची शिवण कुजते. दर उन्हाळ्यात शिवण एकदा ओढून पाहावी, आणि मुलांचे माप पुन्हा घ्यावे.