डुकराची नलिका, माणसाची कावीळ

डोळे पिवळे झाले की तलासरीतल्या झरी गावात काय नि मुंबईत काय, आधी शोध सुरू होतो तो काविळीच्या झाडपाल्याचा. पित्तनलिकेत गाठ अडली असेल तर त्या औषधाने वाट मोकळी होत नाही, दिवस मात्र जातात. मग एंडोस्कोपीने स्टेंट बसवतात. गाठ वाढली की तोही बुजतो. म्हणून नलिकेत तार सरकवून गाठ विजेने भाजण्याची पद्धत निघाली. माणसांवरचे पहिले अनुभव २०११ मध्ये छापून आले. त्याआधी प्रयोगाला डुकरं होती.

डुकराच्या नलिकेत माणसाचीच उपकरणं चालतात. सात ते दहा वॅट, दीड-दोन मिनिटं, एवढाच हा खेळ. पण खेटून यकृताची धमनी असते आणि उष्णता वाढली तर नलिकेला भोक पडतं. दुसऱ्या पद्धतीत भाजण्याऐवजी सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतके, हजारो व्होल्टचे झटके पेशींच्या आवरणाला छिद्रं पाडतात. त्यात कोलॅजनचा सांगाडा बराचसा वाचतो. स्टेंट धातूचा असेल तर विजेची वाटच बदलते.

आमची तक्रार वेगळी आहे. प्रयोगातलं डुक्कर बहुधा निरोगी असतं, त्याला गाठच नसते. ते इजा किती होईल हे सांगतं, गुण येईल का हे नाही. शिवाय नलिका आक्रसते ती कधी कधी आठवड्यांनंतर, आणि प्राणी तोवर बऱ्याचदा जिवंत ठेवलेला नसतो. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्राण्यावरच्या प्रयोगाला परवानगी लागते; ती देणाऱ्या समितीने हाही हिशेब मागावा.